पाठ वाचवायची तर काम बदला

कारखान्याच्या भिंतीवर, गोदामाच्या दारात, रुग्णालयाच्या भांडारात एक चित्र हमखास टांगलेले असते. डावीकडे कमरेतून वाकून खोके उचलणारा माणूस आणि त्यावर लाल फुली. उजवीकडे गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून तेच खोके उचलणारा माणूस आणि त्याच्यापुढे हिरवी खूण. खाली सूचना: ‘वजन उचलताना गुडघे वाकवा.’ सूचना चुकीची नाही. पण ते खोके मुळात जमिनीवर का ठेवले, एवढे जड का भरले आणि दिवसातून किती वेळा उचलायचे, हे प्रश्न त्या चित्रात कुठेच नसतात. कंबर वाचते ती या प्रश्नांच्या उत्तरांनी.

हे नुसते मत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्यातील सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांवर केलेला एक मोठा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही गटांना फिजिओथेरपिस्टनी वजन उचलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत शिकवली, काहींना शिकवली नाही, आणि साडेपाच वर्षे सगळ्यांवर लक्ष ठेवले. शिकलेल्यांच्या माहितीत भर पडली. कमरेच्या दुखापती, रजेचे दिवस, उपचारांचा खर्च यांत मात्र फरक पडला नाही. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही नुसत्या प्रशिक्षणाने कंबरदुखी टळत असल्याचा पुरावा मिळाला नाही. दुपारी तीन वाजता, दोनशेव्या गोणीला, मागे ट्रकवाला भोंगा वाजवत असताना भिंतीवरचे चित्र कुणाला आठवत नाही. आणि आठवले, तरी गोणीचे वजन कमी होत नाही.

कंबरदुखी हे जगभरात अपंगत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, असा जागतिक अंदाज आहे. तिची सगळीच कारणे कामाच्या ठिकाणी नसतात. पण जी असतात ती पुष्कळशी टाळता येतात. त्यासाठी क्रम नीट धरायला हवा: आधी काम बदला, मग उचलण्याची पद्धत सुधारा आणि शरीराची तयारी ठेवा.

कमरेवर भार येतो कसा

पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरवर असतात. हातातले ओझे मात्र मणक्याच्या पुढे चाळीस-पन्नास सेंटीमीटरवर असते. लोखंडी तागडीचा एक दांडा दुसऱ्याच्या दहापट लांब असावा, तसा हा प्रकार आहे. दहा किलोचे ओझे हात लांब करून धरले, तर तोल सावरण्यासाठी स्नायूंना सुमारे शंभर किलोच्या जोराने ओढावे लागते. त्यात वाकल्यावर पुढे झुकलेल्या धडाचे वजन वेगळेच. हा सगळा दाब शेवटी येतो कमरेच्या खालच्या मणक्यांमधल्या गाद्यांवर.

जर्मनीत १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या मणक्याच्या गादीतच दाबमापक बसवून हा दाब मोजला गेला. सरळ उभे असताना तो ०.५ मेगापास्कल होता. नुसते पुढे वाकल्यावर १.१ झाला. वीस किलोचे ओझे पाठ वाकवून उचलले, तेव्हा २.३. तेच ओझे गुडघे वाकवून उचलले, तेव्हा १.७. आणि तेवढेच ओझे शरीराला चिकटवून धरले, तेव्हा १.१. आकडे एकाच माणसाचे असले, तरी त्यांतला धडा स्पष्ट आहे. गुडघे वाकवल्याने फायदा होतो. ओझे अंगाशी घेतल्याने त्याहून अधिक होतो. आणि काहीही न उचलता नुसते वाकणेही गादीवरचा दाब दुप्पट करते. म्हणूनच दिवसभर वाकून भात लावणाऱ्या बाईची किंवा फरशी बसवणाऱ्या कारागिराची कंबर हमालाइतकीच दुखते.

दुखापतीचा दुसरा गुण असा, की ती बहुधा साचत जाते. उसण भरते ती पेन्सिल उचलताना किंवा चपलेचा पट्टा लावताना, आणि आपण दोष देतो त्या पेन्सिलीला. खरी झीज महिनोन्महिने वाकण्याने, वळण्याने, विश्रांतीशिवाय उचलण्याने झालेली असते. स्नायू थकले की मणक्याला सावरणारा आधार सैल पडतो. त्यामुळे पाळीच्या शेवटच्या तासाभरात, सलग ओव्हरटाइममध्ये आणि सणासुदीच्या गर्दीत विशेष जपायला हवे.

किती वजन जास्त

‘निऑश’ या अमेरिकी सरकारच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले एक सूत्र जगभर वापरले जाते. सगळ्या गोष्टी अगदी अनुकूल असतील, म्हणजे ओझे अंगालगत, कमरेच्या जरा खाली, धरायला चांगली मूठ, वळायचे नाही आणि क्वचितच उचलायचे, तर या सूत्राची मर्यादा २३ किलो आहे. परिस्थिती बिघडत जाईल तशी ती घटते. हात घोट्यांपासून २५ सेंटीमीटरवर असतील तर पूर्ण २३ किलो. ५० सेंटीमीटरवर असतील तर निम्मे, साडेअकरा किलो. जमिनीवरून उचलायचे असेल तर जवळजवळ पाव हिस्सा कमी करा. उचलताना काटकोनात वळावे लागत असेल तर आणखी तीस टक्के कमी करा.

आता आपली नेहमीची गोणी घ्या. ती जमिनीवर आडवी आहे, हात ४० सेंटीमीटर पुढे जातात, मीटरभर उंच उचलून ठेवायची आहे आणि हे आठ तास, मिनिटाला एकदा करायचे आहे. सूत्राने येणारे उत्तर सुमारे सात किलो. प्रत्यक्षात सिमेंटची गोणी असते ५० किलोची. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. कार्यालयातला शिपाई डिस्पेन्सरवर पालथा घालतो तो पाण्याचा जार वीस लिटरचा, म्हणजे वीस किलोचा.

ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेचे ढोबळ आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. कमरेच्या उंचीवर, अंगालगत उचलायचे असेल तर पुरुषाला २५ किलो, स्त्रीला १६. त्याच उंचीवर हात लांब करून असेल तर १५ आणि १०. जमिनीवरून किंवा खांद्याच्या वरती असेल, तर अंगालगत धरूनही १० आणि ७. याहून जास्त उचलले की लगेच इजा होते असे नाही. या आकड्यांच्या पुढे गेलात तर कामाची बारकाईने तपासणी करा, एवढाच त्यांचा अर्थ.

आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३४ मध्ये तत्त्व स्वच्छ मांडले होते: इजा होण्याचा संभव असेल इतके वजन कोणत्याही कामगाराला उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली. पण कमाल मर्यादा म्हणजे सुरक्षित वजन नव्हे. ‘५० किलो कायद्यात बसते’ असे म्हणून मालकाने निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

वजन कमी करता येत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. आपल्याकडच्या जुन्या हमालांनी क्विंटलाची, म्हणजे शंभर किलोची पोती पाठीवर वाहिली. आज सर्वसाधारण गोणी पन्नासची आहे. त्यामागे माथाडी-हमालांच्या संघटनांचा झगडा आहे. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि पन्नास किलोंहून जड गोणी नको हा आग्रह बाजार समित्यांमधून माथाडींनी पुढेही लावून धरला. युरियाची गोणी २०१८ मध्ये सरकारी आदेशाने ५० वरून ४५ किलोंवर आली. तो निर्णय खताचा वापर आटोक्यात ठेवण्यासाठी होता, पण गोणीचे वजन ठरवणे माणसाच्या हातात आहे हे त्यातूनही दिसले. टोमॅटोचेच पाहा. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात भाव बोलला जातो तो वीस किलोच्या क्रेटवर. क्रेटला धरायला खाच असते, तो अंगाशी घेता येतो, एकावर एक रचता येतो. कांदा मात्र अजून गोणीतच फिरतो. एकाच शेतकऱ्याच्या दोन पिकांपैकी एक कमरेला सोसवते आणि दुसरे नाही, यात दोष उचलणाऱ्याचा नसतो.

तासाभराची पाहणी

तुम्ही मालक, पर्यवेक्षक किंवा कामगार प्रतिनिधी असाल तर एक मोजपट्टी, एक वजनकाटा आणि वही घ्या आणि कामाच्या जागी तासभर उभे राहा. काम करणाऱ्यालाच विचारा, ‘दिवसातले सगळ्यात नकोसे उचलणे कोणते?’ उत्तर त्याच्या जिभेवर असते. आजवर कुणी विचारलेले नसते, इतकेच. मग पुढच्या गोष्टी टिपा.

• वस्तूचे खरे वजन किती? अंदाजाने लिहू नका, काट्यावर ठेवा.
• ती कुठून उचलतात आणि कुठे ठेवतात? दोन्ही उंची मोजा. गुडघ्याच्या खाली आणि खांद्याच्या वर जे काही आहे त्याखाली रेघ ओढा.
• उचलताना हात शरीरापासून किती लांब जातात? मध्ये कठडा, पिंपाचा काठ किंवा पलंगाची पट्टी आडवी येते का?
• उचलून वळावे लागते का? पाय न हलवता कमरेतून पीळ दिला जातो का?
• तासाला किती वेळा? मध्ये विश्रांती किती?
• धरायला मूठ, खाच, कडी आहे का? खोक्यातला माल आत हलतो का?
• वाट कशी आहे? उंबरठा, जिना, ओली फरशी, अंधार?
• मागच्या वर्षभरात या कामावर कुणाची कंबर धरली?

वही भरली की प्रत्येक ओळीला पुढचे प्रश्न याच क्रमाने लावा. हे उचलणे मुळातच टाळता येईल का? टाळता येत नसेल तर यंत्राने किंवा चाकावर होईल का? तेही नसेल तर वजन, उंची, अंतर, वेळा यांपैकी काय कमी करता येईल? पुष्कळदा उत्तर फुकट असते. माल दोनदा उतरवला जातो, कारण ट्रक चुकीच्या दारापाशी लागतो. सगळ्यात जड माल सगळ्यात खालच्या फळीवर असतो, कारण कुणीतरी कधीतरी तिथे ठेवला. सगळ्यात जास्त खपणारा जड माल मांडीपासून छातीपर्यंतच्या उंचीत, हलका आणि क्वचित लागणारा माल त्याच्या वर-खाली, एवढी मांडणी बदलली तरी एका दुपारीत शेकडो वाकणी वाचतात.

दोन सोप्या उपायांबद्दल सावधगिरी हवी. पहिला, ‘दोघे मिळून उचला.’ दोघांची मिळून ताकद दोघांच्या बेरजेइतकी होत नाही, सुमारे दोन-तृतीयांश होते; तिघांची निम्म्यावर येते. उंचीत फरक असेल, एकाचा पाय घसरला, तर सगळा भार दुसऱ्यावर जातो. दुसरा उपाय पाळीपाळीने काम देण्याचा. तो चांगला आहे, पण एक जड काम सोडून दुसरे जड काम मिळणार असेल तर कमरेला विश्रांती मिळत नाही. गोण्या उतरवणाऱ्याला पुढचा तास मोजणी, शिलाई किंवा नोंदीचे काम मिळाले तरच पाळी बदलल्याचा उपयोग.

ज्याच्या त्याच्या कामात

गोदाम आणि दुकान. जमिनीवर थप्पी लावण्याऐवजी पॅलेटवर लावा आणि हाताने चालणारी हायड्रॉलिक ट्रॉली घ्या. ती चांगल्या मोबाइलच्या किमतीत येते आणि वर्षानुवर्षे टिकते. थप्पी खाली येत जाईल तशी शेवटच्या थरांसाठी कंबर मोडावी लागते. रिकामी पॅलेट खाली सरकवून उंची राखा. गाडी ओढण्यापेक्षा ढकला. तिची मूठ कमर आणि छाती यांच्या मध्ये हवी. चाकांना वेळेवर तेल-ग्रीस द्या. जाम झालेली ट्रॉली कंबर वाचवण्याऐवजी बिघडवते. माल मागवताना पुरवठादाराला लहान पॅकिंग विचारा. विचारणारे वाढले की पॅकिंग बदलते.

बांधकाम. गवंड्याच्या पायाशी विटा आणि मसाला टाकला, की प्रत्येक विटेमागे तो वाकतो. विटा आणि घमेले मांडीच्या उंचीच्या घोडीवर ठेवले, भिंत चढेल तशी परांची वर घेतली, तर त्याचे वाकणे निम्म्याहून कमी होते आणि कामही झपाट्याने होते. सिमेंटची गोणी डोक्या-खांद्यावरून वरच्या मजल्यावर नेण्यापेक्षा खालीच मसाला कालवून तो लिफ्टने किंवा चेन पुलीने वर पाठवा. घमेले काठोकाठ भरण्याचा हट्ट मुकादमाने सोडावा.

रुग्णालय आणि घरची शुश्रूषा. परिचारिका, आया आणि वॉर्डबॉय यांच्या कमरेला सगळ्यात मोठा धोका रुग्ण सरकवण्याचा असतो. रुग्णाला मूठ नसते, तो कधी अचानक अंग टाकतो, आणि पलंगामुळे हात लांब करून काम करावे लागते. म्हणून रुग्ण हलवण्यासाठी निऑशच्या सूत्रातली मर्यादा २३ वर न ठेवता सुमारे १६ किलोंवर आणावी, असे तज्ज्ञांनी सुचवले आहे. साठ किलोचा रुग्ण एकटीने उचलणे त्या हिशेबात कुठेच बसत नाही. आधी पलंग कमरेच्या उंचीवर घ्या आणि चाकांना ब्रेक लावा. रुग्णाच्या खाली आडवी चादर घालून दोन्ही बाजूंनी दोघींनी सरकवा, उचलू नका. रुग्णाला जेवढे स्वतःला हलता येते तेवढे हलू द्या. आणि चालताना रुग्ण पडू लागला, तर त्याला हवेत झेलायला जाऊ नका. अंगाशी धरून हळूहळू खाली बसवा. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांचे करणाऱ्या सुनेलाही हेच लागू आहे. शक्य असेल तर उंची बदलणारा पलंग भाड्याने आणा.

शेत. खुरपणी, लावणी, काढणी ही वाकून किंवा उकिडवे बसून करायची कामे, आणि ती बहुतांशी बायका करतात. ओळीत पेरलेल्या पिकात उभ्याने चालवायचे सायकल कोळपे आणि भातात कोनोवीडर वापरला तर वाकणे खूप कमी होते. अवजाराचा दांडा चालवणाऱ्याच्या उंचीला बेतून घ्या. गावातला सुतार एका दिवसात करून देतो. फवारणीचा पाठीवरचा पंप भरून वीस किलोंच्या जवळ जातो. तो जमिनीवरून ओढून पाठीवर घेऊ नका. कट्ट्यावर किंवा बांधावर ठेवून, पाठ लावून पट्टे घाला. तो अर्धा भरून दोन फेऱ्या मारल्याने कुणाचे काही बिघडत नाही. पाठीवर पंप घेऊन वाकून पाणी भरणे तर कटाक्षाने टाळा.

वाहनचालक. ट्रक, ट्रॅक्टर, एसटी आणि जेसीबी चालवणाऱ्यांना तासन्‌तास बसणे आणि सततचे हादरे असा दुहेरी मार असतो. आसनाची स्प्रिंग आणि स्पंज वेळच्या वेळी बदला; कमरेच्या खोलगटीला आधार मिळेल अशी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवा; क्लच दाबताना पाठ आसनापासून सुटणार नाही एवढे आसन पुढे घ्या. लांबचा पल्ला संपवून उतरल्या उतरल्या माल उतरवायला हात लावू नका. पाच-दहा मिनिटे चाला, मगच उचला. केबिनमधून उडी मारू नका, पायरीने उतरा.

कार्यालय. पाय जमिनीला टेकलेले, मांड्या जमिनीला समांतर, कमरेला आधार, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कोपर टेबलाच्या उंचीवर. एवढे जमले की खुर्ची कितीची आहे याला फारसे महत्त्व राहत नाही. उत्तमात उत्तम खुर्चीतही तीन तास न हलणे वाईटच. अर्ध्या तासाने उठा, फोन उभ्याने घ्या, पाणी स्वतः जाऊन आणा. शिंपी, सोनार, संगणकचालक सगळ्यांना हा नियम सारखाच. आणि तो वीस किलोचा जार शिपायाने एकट्याने उचलून पालथा घालायचा असेल, तर खालून जार बसणारा डिस्पेन्सर किंवा टाकीला जोडलेला फिल्टर घेणे हाच उपाय.

उभ्याने करायच्या कामात टेबलाची उंची कोपराच्या हिशेबाने ठरवा. बारीक काम कोपराच्या जरा वर, हलके काम दहा-पंधरा सेंटीमीटर खाली, जोर लावायचे काम त्याहून खाली. उंच माणसाला टेबल ठोकळ्यांवर चढवून द्या, ठेंगण्याला पायाखाली फळी द्या. एकच उंची सगळ्यांना चालते असे समजणाऱ्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांचीच कंबर दुखते.

उचलावेच लागले तर

आधी ओझ्याकडे पाहा, लगेच हात घालू नका. एका कोपऱ्याने थोडे कलवून वजनाचा अंदाज घ्या. वाट मोकळी आहे ना आणि ठेवायची जागा तयार आहे ना, ते पाहा. ओझ्याच्या जवळ या, पाय खांद्याएवढे फाकवा, एक पाऊल किंचित पुढे ठेवा. गुडघे आणि खुब्यातून वाका; पार उकिडवे बसायची गरज नाही, त्याने गुडघ्यांवर ताण येतो आणि ओझे लांब जाते. ओझ्याची जड बाजू पोटाशी घ्या. हिसका न देता उचला. वळायचे असेल तर पावले टाकून वळा. नाक आणि पायाची बोटे एका दिशेला ठेवा. ठेवताना आधी टेकवा, मग सरकवा. पुष्कळदा उसण उचलताना नाही, ठेवताना भरते, कारण तोपर्यंत लक्ष पुढच्या गोणीकडे गेलेले असते.

ओझे डोक्यावर वाहताना पाठ सरळ राहते हे खरे, पण मानेवर भार येतो आणि खरा धोका असतो डोक्यावर चढवताना व उतरवताना. त्या दोन्ही क्षणी दुसरा हात हवाच. छातीच्या उंचीचा कट्टा असला की ओझे एकट्यानेही सरकवून घेता येते. गर्भवतीला जड उचलण्याच्या कामातून दिवस भरत येईपर्यंत थांबून नव्हे, आधीपासूनच सूट द्या.

पट्टा, व्यायाम आणि सकाळ

कमरेचा पट्टा बांधला की कंबर सुरक्षित, अशी समजूत सगळीकडे आहे. निरोगी कामगाराची दुखापत पट्टा टाळतो याला भरवशाचा पुरावा नाही; निऑशने १९९४ मध्येच तशी शिफारस करायला नकार दिला. पट्ट्यामुळे उलट आत्मविश्वास वाढून माणूस जास्त उचलू शकतो. डॉक्टरांनी उपचार म्हणून काही दिवस दिला असेल तर गोष्ट वेगळी. पट्ट्यांवर खर्च करण्याआधी ट्रॉली घ्या.

व्यायामाचे मात्र तसे नाही. कंबरदुखी टाळण्याच्या उपायांचा एक मोठा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नियमित व्यायाम आणि त्याच्या जोडीला माहिती देण्याने कंबरदुखीचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेला दिसला. पट्टे आणि बुटात घालायचे इनसोल यांनी काही साधले नाही. व्यायाम अमुकच हवा असे नाही. भरभर चालणे, पोट आणि पाठ यांना बळ देणारे साधे प्रकार, पायांच्या मागच्या शिरा मोकळ्या करणे. आठवड्यातून दोन-तीनदा, पण वर्षभर. ‘मी दिवसभर मेहनतीचेच काम करतो, मला व्यायाम कशाला?’ हा प्रश्न नेहमीचा. कामात तेच तेच स्नायू एकाच दिशेने राबतात. व्यायाम उरलेल्यांना जागे करतो. तंबाखू आणि विडी सोडणे कमरेच्याही हिताचे आहे, हेही ध्यानात ठेवा.

सकाळचा एक नियम सोपा आहे. रात्री झोपेत मणक्याच्या गाद्या पाणी शोषून फुगतात. उठल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत वाकले, की त्यांवर जास्त ताण येतो. सकाळी वाकणे टाळले तर जुनी कंबरदुखी कमी होते, असे १९९८ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. पहाटे चारला बाजार समितीत किंवा पाचला गोठ्यात कामाला लागणाऱ्यांनी निदान पहिली पंधरा-वीस मिनिटे हलक्या कामाला द्यावीत आणि जड गोण्या त्यानंतर घ्याव्यात.

कंबर धरली तर

बहुतेकांची साधी कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप बरी होते. पडून राहणे हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. फार तर एक-दोन दिवस विश्रांती घ्या, मग सोसेल तेवढे चाला-फिरा. शेक, साधे वेदनाशामक औषध, हलके काम पुरते. लगेच एमआरआय काढण्याची गरज बहुधा नसते. चाळिशीनंतर दुखत नसलेल्या माणसांच्या गाद्यांतही झीज दिसते आणि अहवाल वाचून माणूस उगाच घाबरतो. मणका ‘बसवून’ देणाऱ्यांकडे जोरजोराने कंबर मोडून घेऊ नका.

पुढचे मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा: लघवी अडणे किंवा तिच्यावर, शौचावर ताबा न राहणे, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, पाऊल उचलता न येणे किंवा पायातली ताकद वाढत्या प्रमाणात जाणे, कंबरदुखीसोबत ताप, कारण नसताना वजन घटणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, उंचावरून पडल्यानंतरचे दुखणे, रात्री झोपेतही न थांबणारी कळ. यांतल्या पहिल्या तिन्हींना एक दिवसाचाही उशीर चालत नाही.

कामावर दुखापत झाली तर त्याच दिवशी, लेखी, पर्यवेक्षकाला सांगा आणि अपघाताच्या नोंदवहीत नोंद करवून घ्या: वेळ, काम, वजन, साक्षीदार. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल तर कामावरच्या दुखापतीने आलेल्या तात्पुरत्या असमर्थतेसाठी वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. साध्या आजारपणात हा दर ७० टक्के आणि तोही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. ‘घरी वाकताना लचकली’ असे लिहून दिले की हा फरक कामगाराच्या खिशातून जातो. दाबून ठेवलेल्या नोंदीने मालकाचेही नुकसान होते, कारण त्याच जागी पुढच्या माणसाची कंबर जाते.

बरे होत आलेल्या माणसाला ‘पूर्ण ठणठणीत झालास की ये’ असे सांगू नका. आठ-पंधरा दिवस हलके काम, कमी तास देऊन त्याला कामावर परत घ्या. घरी बसून राहणाऱ्याची कंबर आणखी आखडते आणि महिने उलटले की परत येणे अवघड होत जाते.

तुम्ही मालक असाल तर या आठवड्यात एक काम करा. सगळ्यात नकोसे उचलणे कोणते ते कामगारांना विचारा आणि महिनाअखेर तेवढे एक बदला. तुम्ही कामगार असाल तर ते उचलणे कोणते आहे हे मागे न हटता सांगा. जमले तर चौघे मिळून सांगा. भिंतीवरचे चित्र राहू द्या, पण त्याच्या शेजारी जमिनीवर पडलेले खोके आधी फळीवर चढवा.